चढाआधीचा गिअर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात रहिवाशांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर, स्मरणिकेसाठी थोडा आवरून.)



मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचे छंद'. मी सेक्रेटरींना म्हटलं, छंदांवर बोलणारे पुष्कळ आहेत, मला आपल्या पार्किंगमधल्या सायकलींवर बोलू द्या. मागच्या मीटिंगमध्ये विषय निघाला होता, तो तुम्हाला माहीत आहे. स्टिल्टखाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या अकरा सायकली कोणी वापरत नाही, तिथे दोन-तीन स्कूटर बसतील, तेव्हा मालकांनी त्या उचलाव्यात, नाहीतर भंगारात द्याव्यात. कमिटीचं चुकलं असं मी म्हणत नाही. जागा सगळ्यांचीच आहे. पण मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन त्या अकराही सायकली उलटसुलट करून बघितल्या. दोन साध्या, नऊ गिअरच्या. आणि त्या नऊपैकी सात सायकलींची चेन एकाच जागी गंजलेली होती: पुढे सगळ्यांत मोठ्या चकतीवर, मागे सगळ्यांत छोट्या चकतीवर.

ज्यांना यातलं कळतं ते हसले असतील. ही जागा म्हणजे सायकलचा सगळ्यांत जड गिअर. मी मालकांना एकेक करून विचारलं. बहुतेकांची गोष्ट एकच. हौसेने सायकल आणली, सुरूबनाकडच्या सपाट रस्त्यावर दोन-चार दिवस मजेत फिरवली. मग झरीविनायकाच्या पुढचा चढ लागला, किंवा पूल ओलांडून राजिवड्यातून गावात चढायची पाळी आली. मांड्या भरून आल्या, गुडघा दुखला, उतरून ढकलत न्यावी लागली. आणि घरी ठरलं, 'आपल्याला नाही झेपत हे.' सायकल भिंतीला लागली ती लागलीच.

मी आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केले. गिअरबॉक्स हा माझा जुना सोबती. तेव्हा आज तुम्हाला गिअर समजावून सांगतो. समजल्यावरही सायकल नको वाटली, तर खुशाल भंगारात द्या.

तुम्ही आंबा घाटातून कोल्हापूरला शेकडो वेळा गेला असाल. गाडी साखरप्याच्या पुढे निघाली की ड्रायव्हर काय करतो? चढ समोर दिसला की गाडी रडायला लागायच्या आधीच गिअर खाली घेतो. इंजिनाचा आवाज चढतो, गाडीचा वेग उतरतो, आणि साठ माणसं घेऊन ते धूड वर जातं. इंजिन तेच, डिझेल तेच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनात जास्त ताकद येते असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नसतं. इंजिन जास्त फेरे फिरतं आणि चाक कमी फिरतं, म्हणून प्रत्येक फेऱ्यावरचा भार कमी होतो. सायकलमध्ये इंजिन म्हणजे तुमचे पाय. बाकी हिशेब तोच.

आता तो हिशेब मांडतो, आकडे थोडेच आहेत. माझी जुनी काळी सायकल खाली आहे, ती मी मोजली. पुढच्या चकतीला ४४ दाते, मागे १८. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. त्या मोठ्या चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे छान आहे, मिनिटाला साठ फेरे मारले की तासाला वीस किलोमीटरचा वेग. पण चढावरही तेच साडेपाच मीटर. साध्या सायकलला दुसरा पर्यायच नाही. म्हणून आपण उभं राहून, अंगाचं सगळं वजन टाकून पायडल दाबायचो, आणि दम संपला की खाली उतरायचो.

त्या नऊतली एक घ्या, एकवीस गिअरची. पुढे तीन चकत्या: ४२, ३४ आणि २४ दात्यांच्या. मागे सात, सगळ्यांत छोटी १४ ची, सगळ्यांत मोठी २८ ची. चेन ४२ आणि १४ वर ठेवली, जशी ती गंजलेली होती, तर एका फेऱ्याला सायकल सहा मीटरहून जास्त जाते. म्हणजे माझ्या काळ्या सायकलीपेक्षाही जड! एकवीस गिअरची सायकल घेऊन माणूस चढाला साध्या सायकलीपेक्षा वाईट अवस्थेत. आता चेन पुढे २४ वर आणि मागे २८ वर टाका. एका फेऱ्याला पावणेदोन मीटर. माझ्या काळ्या सायकलीला ज्या चढाच्या शंभर मीटरला अठरा फेरे लागतात, तिथे हिला सत्तावन लागतील. फेरे तिप्पट, पण पायाला लागणारा जोर एक तृतीयांश. चढ चढायचं एकूण काम दोघींचं सारखंच. फरक इतकाच की पन्नास किलोचं तांदळाचं पोतं एकदम उचलून माडीवर न्यायचं, की पिशव्यांत भरून तीन खेपा करायच्या. वेग तासाला सहा किलोमीटर, चालणाऱ्यापेक्षा थोडा पुढे. लाज वाटायचं कारण नाही, आपण कुठे शर्यतीला चाललोय?

शर्यतीवरून आठवलं. गिअर म्हणजे कच्च्या माणसाची सोय, हा गैरसमज आपल्याकडचाच आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये पॉल द विवी नावाचे एक गृहस्थ होते, 'वेलोसिओ' नावाने लिहायचे. ते आयुष्यभर सांगत राहिले की डोंगराळ मुलखात सायकलला गिअर हवेतच. १९०२ मध्ये डोंगरातल्या एका चाचणीत तीन गिअरची सायकल घेतलेल्या मार्थ हेस या बाईने एका गिअरवर चालवणाऱ्या नामांकित पुरुष स्पर्धकाला मागे टाकलं. यावर 'टूर द फ्रान्स' सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजचं मत काय, तर गिअर पंचेचाळिशीच्या पुढच्यांसाठी ठीक आहेत! त्याच्या शर्यतीत पुढे बरीच वर्षं असे गिअर चालत नव्हते. मोठमोठे शर्यतवाले घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दोन बाजूंना दोन वेगळ्या चकत्या असायच्या, आणि मग चढायचे. १९३७ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तोही आज गिअर टाकूनच राजा होतो. आणि देग्रांजसाहेबांचं ऐकायचं तर पंचेचाळिशीच्या पुढचे या हॉलमध्ये निम्मे तरी आहेत. आपल्याला परवानगी आधीपासूनच आहे.

आता प्रत्यक्ष टाकायचा कसा ते सांगतो, इथेच लोक गोंधळतात. डाव्या हातातली कळ पुढच्या चकत्यांची, उजव्या हातातली मागच्या. पुढे छोटी चकती म्हणजे हलका गिअर, आणि मागे मात्र मोठी चकती म्हणजे हलका. हे उलटसुलट पाठ करायला जाल तर चढावर नेमकं चुकेल. त्यापेक्षा चेनकडे बघा. चेन पुढे असो की मागे, सायकलीच्या अंगाशी, म्हणजे आत सरकली की हलकं. बाहेर सरकली की जड. बस, एवढंच. बहुतेक सायकलींच्या कळेवर आकडे असतात, तिथे १ म्हणजे हलका. एसटीसारखंच, पहिला गिअर चढाचा.

आणि एकवीसच्या आकड्याला भुलू नका. आत्ता सांगितलेल्या सायकलवर ४२ वरून मागे २४, ३४ वरून २०, आणि २४ वरून १४, या तीन जोड्यांचा हिशेब करा. तिन्ही जवळपास सारख्याच निघतात, पावणेदोनच्या आगेमागे. शिवाय पुढची मोठी आणि मागची मोठी, किंवा पुढची छोटी आणि मागची छोटी, या जोड्या टाळायच्या. चेन तिरकी ओढली जाते, कुरकुरते, लवकर झिजते. म्हणजे एकवीसातले खरे वापरायचे गिअर बारा-पंधरा. दुकानदार एकवीस म्हणतो, चोवीस म्हणतो, सत्तावीस म्हणतो. वाण्याच्या पुडीवरच्या 'अधिक २५ टक्के मोफत'सारखंच ते. नवशिक्याने तर सुरुवातीचे दोन आठवडे पुढची चेन मधल्या चकतीवरच ठेवावी आणि फक्त उजव्या हाताने खेळावं. भाट्ये पूल, सुरूबन, नारळ संशोधन केंद्रापर्यंतचा रस्ता, सगळं यात भागतं. डावा हात फक्त चढ आला तरच.

बसमध्ये गिअर टाकताना ड्रायव्हर क्लच दाबतो, म्हणजे इंजिनाचा जोर क्षणभर सुटतो. सायकलला क्लच नाही. तुमचा पायच क्लच. कळ दाबताना पायडल फिरतं राहिलं पाहिजे, पण हलकं, जोर न देता. उभ्या सायकलीवर कळ दाबली तर चेन हलतच नाही, पुढे पायडल मारताच खाडकन आवाज होतो. आणि चढावर अर्ध्यात, सगळा जोर पायडलवर टाकलेला असताना कळ दाबली की चेन अडकते, निसटते, एखादे वेळी तुटतेही. त्या क्षणी पाय रिकामा जातो आणि माणूस हँडलवर आपटतो. म्हणून आंबा घाटातल्या ड्रायव्हरसारखं करायचं. चढ समोर दिसला, सायकल अजून सपाटीवर आहे, पाय हलके आहेत, तेव्हाच गिअर खाली घ्यायचा. सुरुवातीला पाय भराभर फिरतील, वेडगळ वाटेल. वाटू दे. दहा सेकंदांत चढ लागतो आणि बरोबर जुळतं.

आपल्या किनाऱ्यावर हे जास्त महत्त्वाचं का, तर आपला रस्ता पुण्या-सोलापूरच्या रस्त्यासारखा एका पातळीवर चालत नाही. खाडी आली की समुद्रपातळीला उतरायचं, खाडी ओलांडली की जांभ्याच्या सड्यावर चढायचं, पुन्हा उतरायचं. भाट्ये सोडलं की वर चढून गोळपचा सडा, तिथून पावसला उतार, पुढे पूर्णगडच्या खाडीला पुन्हा तेच. गावातसुद्धा जयस्तंभावरून मारुती मंदिराकडे निघा, चढ आहेच. साध्या सायकलवर शाळेला जाणारी आपल्या पिढीची पोरं हे चढ ढकलतच चढायची, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण आता चाळिशीत-पन्नाशीत सायकल हातात घेणाऱ्याला पहिल्याच चढाला ढकलावी लागली, तर तो दुसऱ्यांदा बाहेर काढत नाही. आणि वाऱ्याला विसरू नका. मार्च-एप्रिलच्या दुपारी वायव्येचा वारा सुटतो तेव्हा झरीविनायकाकडून पुलाकडे येताना सपाट रस्ताही चढासारखा लागतो. तिथेही एक गिअर खाली. वारा दिसत नाही म्हणून लोक उगाच अंगाला दोष देतात.

एक सावधगिरी. बस उतारावर खालच्या गिअरमध्ये घातली की इंजिन तिला धरून ठेवतं. सायकलमध्ये असं होत नाही! मागचं फ्रीव्हील मोकळं फिरतं, कोणताही गिअर टाका, सायकल सुसाट सुटणारच. पावसच्या उतारावर रोखायचं काम ब्रेकचं, दोन्ही ब्रेकचं, आणि पहिल्या पावसात रस्त्यावर जांभ्याची माती आली की अर्ध्या वेगाचं. मुलांनी हे नीट ऐकलं असेल तर पालकांनी त्यांना झरीविनायकाच्या पुढे सोडायला हरकत नाही.

आता नवीन घेणाऱ्यांसाठी. या दिवाळीला दोन-तीन घरांत घेणार असल्याचं कानावर आलंय. दुकानात गेल्यावर 'किती गिअर' हे विचारूच नका. खाली बसा आणि दाते मोजा. पुढची सगळ्यांत छोटी चकती आणि मागची सगळ्यांत मोठी चकती, एवढ्या दोनच. पुढची मागचीच्या बरोबरीची किंवा तिच्यापेक्षा लहान हवी. मग आपले चढ बसून चढता येतात. पुढे एकच ४४ ची चकती आणि मागे मोठी २८ ची, अशा सात गिअरच्या सायकली स्वस्तात मिळतात, दिसायला सुंदर असतात. पुण्यात नदीकाठी फिरवायला उत्तम. इथे हलक्यात हलका गिअरसुद्धा एका फेऱ्याला सव्वातीन मीटर मागतो. उलट पुढे एकच ३२ ची आणि मागे मोठी ४२ ची अशी नऊ गिअरची सायकल असेल, तर ती आपल्या एकवीसवालीपेक्षा चढाला हलकी आहे, आणि डाव्या हाताची कटकटच नाही. नवशिक्याला मी तीच सांगेन, परवडत असेल तर. खाली वाकलेल्या हँडलच्या शर्यतीच्या सायकलचं पोरांना वेड असतं. तिचा हलका गिअर बहुधा ३४ ला २८ असतो. अठरा वर्षांच्या पायांना चालेल. वडिलांनी ती 'मीही चालवीन' म्हणून घेऊ नये. जाड टायरच्या सायकलींबद्दल मी बोलत नाही, त्या वाळूत फोटो काढायला आहेत.

आणि सीट. गिअर कितीही चांगला असला आणि सीट खाली असलं तर गुडघा दुखणारच. पायडल सगळ्यांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहील इतकं वर घ्या. त्या अकरातल्या एकीचंही सीट बरोबर नव्हतं.

एक उदाहरण सांगतो, नाव सांगणार नाही, त्या इथेच बसल्यात. बी विंगमधल्या एक वहिनी, पन्नाशीच्या. साखरेचा त्रास, डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितलेला. मुलगा नोकरीला बाहेर गेला, त्याची सायकल मागे राहिली. दुकानात दुरुस्तीला नेली तर मेकॅनिकने सांगितलं, 'काकू, गिअरला हात लावू नका, बिघडतात.' तो कुठला, ते विचारू नका. वहिनींनी तीन महिने हात लावला नाही. चढ आला की उतरायच्या. गुडघ्याला पट्टा आला. मग एका सकाळी खाली भेटल्या, मी चेन आत सरकवून दिली, सीट चार बोटं वर घेतलं, आणि मंदिराच्या अलीकडेच गिअर खाली घ्यायला सांगितलं. एकदम वर पोहोचल्या, असं नाही. दोनदा थांबून दम घेतला. पण सीटवर बसून, न ढकलता वर गेल्या. आता आठवड्यातून चार दिवस जातात आणि मला विचारतात की गोळपला कधी न्यायचं. त्यांची सायकल त्या अकरामध्ये मोजली गेली होती, कारण मीटिंग दुपारी असते आणि त्या पहाटे जातात.

शेवटी निगा, कारण आपण समुद्राच्या तोंडाशी राहतो. खारी हवा चेनला आणि तारांना खाते. भरतीच्या कडेने ओल्या वाळूतून सायकल चालवायची मजा मला कळते, पण गिअरची सायकल तिथे नेऊ नका. वाळू चेनमध्ये गेली की ती कानशीसारखी दाते घासते. नेलीच तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, वाळवा, मग चेनला तेल. तेल थेंब थेंब, आणि वरचं फडक्याने पुसून काढायचं. बाहेरून चकचकणारं तेल फक्त धूळ धरतं. पावसाळ्यात आठवड्याला, एरवी पंधरा दिवसांनी. आणि खोबरेल लावू नका! आपलं गाव नारळाचं आहे हे खरं, पण थंडीच्या पहाटे बाटलीतलं खोबरेल गोठतं ते चेनवरही गोठतं, आणि एरवी चिकट होऊन बसतं. त्या सातपैकी दोन चेनना वास येत होता, म्हणून सांगितलं.

कमिटीला माझी विनंती इतकीच आहे की भंगाराचा विषय दोन महिने पुढे ढकलावा. येत्या रविवारपासून चार रविवार सकाळी साडेसहाला मी पार्किंगमध्ये आहे. एका वेळी तीन सायकली. चेन मोकळी करू, तारा बघू, सीट लावू, आणि पुलापर्यंत जाऊन येऊ. तारा सडल्या असतील तर त्यांचा खर्च मालकाने करायचा, माझ्या हाताचे पैसे नाहीत. ज्यांना त्यानंतरही नको असेल त्यांनी आपली सायकल सोसायटीला द्यावी. कुणाच्या पाहुण्याला, वॉचमनच्या मुलाला, कुणालाही लागेल. पहिल्या रविवारची तीन नावं वहिनींनी आधीच लिहून ठेवली आहेत. येताना जुनं फडकं आणा, तेल मी आणतो.